'ई-कोलाय' लिहून मोकळे होऊ नका : ब्रॉयलर कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात करार पद्धतीने ब्रॉयलर पाळून घेणाऱ्या कंपन्यांचे संचालक, तांत्रिक प्रमुख आणि पशुवैद्यक यांस

सप्रेम नमस्कार.

मी पोल्ट्रीचे काम करणारा खासगी पशुवैद्यक आहे. नाशिक, नगर आणि पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या गावांत माझी फिरती असते. तुमच्या करारातला शेतकरी माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा सगळे करून थकल्यावर. सुपरवायझर येऊन गेलेला असतो, पाण्यातून औषधाचा कोर्स झालेला असतो, मर दोन दिवस उतरून पुन्हा चढलेली असते. मग गोणीत चार-पाच मेलेले पक्षी घालून तो दारात उभा राहतो आणि म्हणतो, "डॉक्टर, आता पाण्यात काय सोडू तेवढं सांगा."

बॅचच्या कार्डावर कारण आधीच लिहिलेले असते: ई-कोलाय, म्हणजे आतड्यातला एक जंतू. कधी सीसीआरडी, म्हणजे गुंतागुंतीचा जुनाट श्वसनरोग. क्वचित कोणी 'हवामान' असे लिहून सुटका करून घेतो. निदान चूक असते असे मी म्हणत नाही. ते अर्धे असते. उरलेले अर्धे म्हणजे त्या पक्ष्यावर आलेला ताण. तो किती येणार, कोणत्या दिवशी येणार हे बरेचदा तुमच्या ऑफिसात ठरते. मराचे पैसे मात्र शेतकऱ्याच्या बिलातून कापले जातात. या पत्राचे कारण तेवढेच आहे.

आधी टेबलावरचा पक्षी पाहू. तुमच्यातल्या पशुवैद्यकांना यात नवीन काही नाही, पण संचालक मंडळींपैकी किती जणांनी हे जवळून पाहिले असेल याची शंका आहे. पक्षी उताणा ठेवून मांड्या खुब्यातून मोडायच्या, कातडी सोलायची, बरगड्या कापून छातीचे हाड वर उचलायचे. निरोगी पक्ष्यात हवेच्या पिशव्या इतक्या पातळ आणि पारदर्शक असतात की नवशिक्याला दिसतही नाहीत. या पक्ष्यात त्या धुरकट झालेल्या असतात, आत पिवळट गठ्ठे. हृदयाभोवतीचे आवरण पांढरे, जाड, हृदयाला चिकटलेले. यकृतावर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा, चिमट्याने धरला तर अख्खा सुटून येतो. कोंबडीचा पू वाहत नाही. तिच्या हेटेरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीत मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम नसते, त्यामुळे पू पातळ न होता घट्ट होऊन तिथेच बसतो. पाण्यातून दिलेले औषध त्या गठ्ठ्याच्या आत फारसे पोचत नाही. आणि जो पक्षी खरा आजारी आहे तो पाण्यापर्यंत जातच नाही. तुमच्या औषधाचा मोठा वाटा धडधाकट पक्षी पितात.

इथवर सगळे लिहितात आणि कार्ड बंद करतात. पण त्याच पक्ष्यात आणखी खुणा असतात. तळपायाला काळे, जळल्यासारखे डाग आहेत का? असतील तर गादी (जमिनीवर पसरलेला तुसाचा थर) ओली होती आणि अमोनिया होता. छातीचे मांस गडद आणि कोरडे आहे का? पक्षी तहानेला राहिला. गळ्याशी असलेली अन्नाची पिशवी रिकामी, की तुसाने भरलेली? खाद्य वेळेवर मिळाले नाही. शेपटीखालचा बर्सा (रोगप्रतिकारशक्तीचा अवयव) वयाच्या मानाने बारीक, मानेतली थायमस ग्रंथी आक्रसलेली? मग एकतर गंबोरोसारखा विषाणू येऊन गेला, नाहीतर पक्षी बरेच दिवस ताणात होता. श्वासनलिका आतून लाल आहे का? या खुणा बघायला प्रयोगशाळा लागत नाही. नुसते डोळे लागतात, आणि लिहायला कार्डावर जागा. ती जागा तुमच्या कार्डावर नाही.

ई-कोलाय कुठून आला, असा प्रश्न शेतकरी विचारतो. तो आलेला नसतो. तो प्रत्येक कोंबडीच्या आतड्यात असतो, तुसात असतो, पाणी पिण्याच्या निपलच्या लाइनमध्ये साचलेल्या बुळबुळीत थरात असतो. शेडमधल्या एक ग्रॅम धुळीत लाख ते दहा लाख ई-कोलाय मोजलेले आहेत. त्यातले ओ-१, ओ-२, ओ-७८ असे काही प्रकार पक्ष्यांना जास्त घातक, हे खरे. पण तेही शेडमध्ये असताना बॅच सुखरूप निघते, आणि एखाद्या बॅचला पंचविसाव्या दिवशी धाडधाड मर लागते. जंतू दोन्हीकडे तेच असतात. दोन बॅचमधला फरक पक्ष्याच्या बाजूला शोधावा लागतो.

ताण आला की कोंबडीच्या मेंदूतून निरोप निघतो, पिट्युटरीतून पुढे जातो आणि मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिकोस्टेरोन सोडतात. माणसात कॉर्टिसोल, कोंबडीत कॉर्टिकोस्टेरोन. थोडा वेळ आले तर ते उपयोगाचे. पळायला, जगायला बळ देते. दिवसेंदिवस राहिले तर थायमस आणि बर्सा आक्रसतात, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होतात, लस देऊनही टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) हवे तसे येत नाही. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी मंदावतात.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला स्वतःला जास्त विलक्षण वाटते. ताणात आतड्यातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरएपिनेफ्रिन स्रवते. मार्क लाइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९२ मध्ये दाखवले की हे रसायन मिळाले की ई-कोलायसारखे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू झपाट्याने वाढतात. पुढच्या कामातून त्याचे एक कारणही कळले. प्राण्याच्या शरीरात लोह प्रथिनांना घट्ट बांधून ठेवलेले असते, जंतूला ते सहज मिळत नाही. नॉरएपिनेफ्रिनमुळे ती पकड सैल होते आणि जंतू लोह पळवतो. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी कॅम्पिलोबॅक्टर या आतड्यातल्या जंतूबाबतही तसेच दाखवले: नॉरएपिनेफ्रिन मिळालेला जंतू वेगाने वाढतो आणि आतड्याच्या पेशींत जास्त घुसतो. म्हणजे पक्षी दमला की जंतूला त्याचा सुगावा लागतो. एकीकडे पहारा ढिला, दुसरीकडे चोराला खबर.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, विदर्भात पंचेचाळीसच्या. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे मुख्यतः धाप आहे. पंख पसरून, चोच उघडून ती धापा टाकते तेव्हा नाकातली गाळणी चुकवून धूळ थेट खाली जाते, आणि त्या धुळीत काय असते ते वर सांगितलेच. कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर गेल्याने रक्ताचा आम्ल-अल्क समतोल बिघडतो. रक्त कातडीकडे वळते आणि आतड्याला कमी पडते. आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल होतात, आतले जंतू आणि त्यांचे विष रक्तात उतरते. ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठातल्या गटाने ब्रॉयलर ३१ आणि ३६ अंशांत ठेवून पाहिले. खाद्य आणि वजन घटलेच, शिवाय कॉर्टिकोस्टेरोन वाढले, आतड्याला सूज आली आणि मॅक्रोफेजची जंतू मारण्याची ताकद कमी झाली. त्याच गटाला पुढे उष्णतेच्या ताणातल्या पक्ष्यांमध्ये साल्मोनेला प्लीहेपर्यंत जास्त पोचलेला आढळला. ३१ अंश! आमच्या उघड्या शेडमध्ये मेच्या मध्यरात्रीही कधी कधी पारा त्याच्या खाली येत नाही.

उन्हाच्या तडाख्यात दुपारी जे पक्षी पटापट मरतात, त्यांची नोंद 'हीट स्ट्रोक' म्हणून होते आणि ते बरोबर आहे. माझा मुद्दा त्या दिवशी न मेलेल्या पक्ष्यांचा आहे. तीन वाजता लाइट गेली, फॉगर (पाण्याचे तुषार सोडणारे) बंद, पंखे बंद, डिझेल आणायला मुलगा गावात गेला, तासाभराने जनरेटर चालू झाला. त्या तासाने आतडे गळके झालेले पक्षी चार-सहा दिवसांनी हृदयावर पापुद्रा घेऊन मरतात. तेव्हा आभाळ ढगाळ असते, सुपरवायझर म्हणतो आता तर गारवा आहे, आणि कार्डावर येतो ई-कोलाय. लाइट गेल्याची वेळ कुठेच लिहिलेली नसते.

हिवाळ्याची गोष्ट उलटी, आणि माझ्या मते जास्त फसवी. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. निफाडचा तर वर्तमानपत्रात रोज आकडाच येतो. पिल्लाला पहिले दहा-बारा दिवस स्वतःचे तापमान धड सांभाळता येत नाही. ब्रूडरखाली त्याला पहिल्या आठवड्यात ३३-३५ अंश लागतात. शेतकरी काय करतो? पडदे वरपासून खालपर्यंत घट्ट लावतो, वरून प्लास्टिक, आत शेगडी. पिल्लू ऊब धरते, पण ओल बाहेर जात नाही. विष्ठेतल्या युरिक आम्लापासून अमोनिया तयार होतो आणि तिथेच कोंडतो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांचा झाडू असतो, तो धूळ आणि जंतू वर ढकलत राहतो. अमोनिया त्या केसांना लुळे करतो, मग गाळतो. त्यावर मायकोप्लाझ्मा हा श्वसनमार्गातला जंतू असेल किंवा नुकताच लासोटा (राणीखेतची लस) दिलेला असेल, तर खालचा रस्ता मोकळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घुरघूर सुरू होते.

शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरले तर पातळी आधीच हाताबाहेर गेलेली असते. बरे, शेतकऱ्याच्या नाकावर विसंबून चालत नाही, कारण दिवसभर त्यातच वावरून त्याला वास येईनासा होतो. सकाळी सहाला पडदे उघडण्याआधी गुडघ्यावर बसून, पक्ष्याच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्यायचा, हे मी प्रत्येक नव्या सुपरवायझरला सांगतो. तुमचे सुपरवायझर येतात अकरा वाजता. तोवर पडदे खाली आलेले असतात आणि शेड छान वाटते.

तुमच्यापैकी एका तांत्रिक प्रमुखांनी मला मागे ऐकवले होते की युरोपात प्रति चौरस मीटर ३३ किलो पक्षी ठेवायला परवानगी आहे, अटी पाळल्या तर त्याहून जास्त; आपण एका पक्ष्याला एक चौरस फूट देतो, म्हणजे दोन किलोच्या पक्ष्याला धरून २१-२२ किलोच भरतात; मग गर्दी कुठे? आकडा बरोबर आहे. पण तो ज्या २००७ च्या युरोपीय निर्देशातून घेतला, त्यातल्या पुढच्या ओळीही वाचाव्यात. ३३ च्या वर जायचे असेल तर पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर अमोनिया २० पीपीएमच्या वर आणि कार्बन डायऑक्साइड ३००० पीपीएमच्या वर जाता कामा नये. बाहेर सावलीत ३० अंशांपेक्षा जास्त असेल तेव्हा शेडमधले तापमान बाहेरच्यापेक्षा ३ अंशांहून अधिक वाढता कामा नये. तिथले शेड बंदिस्त, पंख्यांवर चालणारे. पत्र्याच्या उघड्या शेडला त्यांची घनता लावायची आणि त्यांची हवा विसरायची, हा हिशेब मला पटत नाही. उन्हाळ्यात सव्वा चौरस फूट द्यावे हे तुमच्याच पुस्तिकांत छापलेले असते. प्लेसमेंटचा ट्रक आला की पिल्ले उतरतात तेवढीच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण तुमच्यातला वाचणारा माणूस ती काढणारच. ताण म्हणजे सरसकट रोग, इतके सरळ प्रकरण नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात ग्रॉस आणि सीगल यांनी १९६० च्या दशकात कोंबड्यांना सामाजिक ताण देऊन पाहिले. त्या कोंबड्या मायकोप्लाझ्माला जास्त बळी पडल्या, पण ई-कोलायला उलट जास्त टिकल्या. ताणाने रक्तात हेटेरोफिल वाढतात आणि तेच ई-कोलाय गिळतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. मग मी जे म्हणतो ते खोटे का? नाही. प्रयोगात ताण एक होता. आमच्या शेडमध्ये तो एकटा कधी येत नाही. उष्णता, अमोनिया, लसीची प्रतिक्रिया, मायकोप्लाझ्मा आणि लिफ्टिंगची (तयार पक्षी पकडून नेण्याची) पळापळ एकाच आठवड्यात गाठ घालतात. आर्कान्सामधल्या गेरी हफ आणि सहकाऱ्यांनी टर्कींना डेक्सामेथासोन, म्हणजे ताणाच्या संप्रेरकासारखेच काम करणारे औषध, देऊन त्यावर ई-कोलाय दिला तेव्हा हवेच्या पिशव्या, यकृत आणि सांधे चांगलेच बिघडले. आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन यांनी ब्रॉयलर तारेच्या जाळीवर वाढवले. जंतू बाहेरून दिलाच नाही. पाय ठरत नाहीत या एवढ्या ताणाने पक्षी लंगडू लागले, आणि मांडीच्या हाडाच्या डोक्यात कुजलेला भाग सापडला, त्यात स्टॅफिलोकोकस, एन्टेरोकोकस, ई-कोलाय. आतड्यातला नाहीतर श्वसनमार्गातला जंतू रक्तावाटे हाडात जाऊन बसला होता. तीस दिवसांनंतर तुमच्या शेडमध्ये जे पक्षी कोपऱ्यात फतकल मारून बसतात, त्यांतल्या काहींची मांडी एकदा खुब्यातून सोडवून बघा. 'कॅल्शियम कमी पडले' म्हणून पाण्यात बाटली ओतण्याआधी.

आता तुमच्या ऑफिसात ठरणाऱ्या गोष्टी.

पिल्ले. हॅचरीतून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकते. या 'शकते'चा फार गैरफायदा घेतला जातो. खाद्य-पाणी उशिरा मिळाले की आतडे आणि रोगप्रतिकारशक्ती दोन्ही मागे पडतात, बलक नीट शोषला जात नाही, बेंबी पिकते. दोनशे किलोमीटर बंद गाडीतून आलेल्या पिल्लांची पहिल्या आठवड्यातली मर शेतकऱ्याच्या ब्रूडिंगवर लिहिली जाते. हॅचरीतून गाडी किती वाजता निघाली आणि शेडवर किती वाजता पोचली, हे चलनावर कुणी लिहिताना मी फारसे पाहिलेले नाही.

लसीकरण. वेळापत्रक दिवसांवर चालते: इतक्याव्या दिवशी लासोटा, इतक्याव्या दिवशी गंबोरो, मग बूस्टर. पाण्यातून लस द्यायची म्हणून आधी एक-दोन तास पाणी बंद. हे पहाटे केले तर ठीक. लस घेऊन येणारा माणूस तीन गावे करून साडेबाराला पोचतो आणि ४१ अंशांत पक्षी तहानेले ठेवले जातात. पाणी सोडल्यावर निपलवर जी झुंबड उडते, तीत निम्म्या पक्ष्यांना लस पुरेशी मिळत नाही. लस वाया आणि पक्षी दमला. दोन दिवस पुढे ढकलायचा अधिकार सुपरवायझरला द्या, एवढे साधे आहे.

आणि लिफ्टिंग. यावर मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण सगळ्यात मोठे नुकसान मी इथे पाहतो आणि सगळ्यात कमी चर्चा याची होते. पक्षी दोन-सव्वादोन किलोचा झाला, बाजार पडला, गाडी येत नाही. रोज ऐंशी-शंभर ग्रॅमने पक्षी वाढतोय, शेडची जागा तेवढीच, गादी ओलावतेय, पक्ष्याच्या अंगातून निघणारी उष्णता वाढतेय. मग भाव सुधारला की व्यापाऱ्याच्या गाड्या येतात, पण एकदम नाही. आज आठशे पक्षी, परवा बाराशे, मग दोन दिवस खाडा. प्रत्येक वेळी खाद्य वर उचलले जाते, रात्री दिवे लागतात, चार-पाच माणसे जाळी धरून शेडभर फिरतात, पक्षी भिंतीकडे पळून एकमेकांवर चढतात. जे गाडीत गेले ते सुटले म्हणायचे. मागे राहिलेले उपाशी, ओरबाडलेले, घाबरलेले, आणि माणसांच्या बुटांवरून व क्रेटमधून दुसऱ्या शेडची घाण आत आलेली. युरोपात अशा अर्ध्या लिफ्टिंगनंतर मागे राहिलेल्या पक्ष्यांत कॅम्पिलोबॅक्टर वाढतो हे तिथल्या लोकांनी कधीच नोंदवून ठेवले आहे. उपासाचा परिणामही नवा नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांना पीस झडवण्यासाठी उपाशी ठेवले की त्या साल्मोनेलाला कितीतरी लवकर बळी पडतात, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या पीटर होल्ट यांनी १९९० च्या दशकात पुन्हा पुन्हा दाखवले. आमच्याकडे पहिली आणि शेवटची गाडी यांत आठवडा जातो, शेवटच्या तीन दिवसांत मर दुप्पट होते, आणि बिलात ती शेतकऱ्याच्या नावावर. एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेले खाद्य) बिघडला तोही त्याच्याच नावावर. गाडी कधी पाठवायची हे त्याने ठरवले नव्हते.

शेतकऱ्याची बाजू घेतोय म्हणून त्याच्या चुका झाकत नाही. तूस वेळेवर खाली-वर करायचा आळस असतो. निपलची लाइन बॅच निघाल्यावर धुतली जात नाही. दोन फॉगर वाचवायला गेलेला माणूस दोनशे पक्षी घालवतो. जनरेटर आहे, पण बॅटरी उतरलेली. मेलेले पक्षी बांधावर फेकून कुत्र्यांना घालणारेही आहेत. हे त्यांना तोंडावर सांगतोच. पण त्यांना सांगणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत; तुम्हाला सांगणारे कमी.

मग या सगळ्यावर तोडगा म्हणून बाटली येते. पहिल्या दिवसापासून एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक, मध्ये डॉक्सी किंवा टायलोसिन ही आणखी प्रतिजैविके, घुरघूर आली की दोन्ही. वरून लिव्हर टॉनिक आणि 'इम्युनिटी बूस्टर' नावाचे रंगीत पाणी. उन्हाळ्यात पक्षी दुप्पट-तिप्पट पाणी पितात, म्हणून लिटरच्या हिशेबाने सोडलेले औषध जास्त जाते. हिवाळ्यात कमी पितात, तेव्हा अपुरे पडते, आणि अपुऱ्या मात्रेतूनच जंतू शिकतो. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचे काय झाले ते तुम्हाला आठवत असेल. वर्षानुवर्षे वाढीसाठी खाद्यातून दिले. २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला दाद न देणारा एमसीआर-१ हा जनुक एका जंतूतून दुसऱ्यात सहज जातो आणि तो डुकरांत, मांसात व रुग्णांतही सापडला आहे. जुलै २०१९ मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. एन्रोफ्लॉक्सासिन अमेरिकेने पोल्ट्रीतून २००५ मध्येच काढून टाकले, औषधाला दाद न देणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरमुळे. आपल्याकडेही एकेक दार बंद होत जाणार आहे. माझ्याकडे येणाऱ्या कल्चर-सेन्सिटिव्हिटीच्या (जंतू कोणत्या औषधाला दाद देतो त्या तपासणीच्या) रिपोर्टांत ज्या औषधांपुढे 'रेझिस्टंट' लिहून येते, ती त्याच शेडच्या कपाटात अर्धी वापरलेली असतात.

तुमच्याकडून काय हवे आहे ते आता थेट लिहितो.

पहिले, करारातला कपातीचा नियम. ठरलेल्या टक्केवारीच्या वर मर गेली की कपात, हे ठीक. पण वजन ठरल्याप्रमाणे आल्यावर तुमची गाडी उशिरा आली, तर त्या तारखेनंतरची मर आणि एफसीआर शेतकऱ्याच्या हिशेबात धरू नका. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंतचे दिवसही करारात बांधून घ्या. हे झाले तर लिफ्टिंग आपोआप सुधारेल, त्यासाठी मला पत्र लिहावे लागणार नाही.

दुसरे, नोंद. औषधाचा रकाना आहे तसा ताणाचा हवा. दुपारचे शेडमधले तापमान, लाइट गेल्याची आणि आल्याची वेळ, सकाळचा अमोनिया (पट्टीने मोजा, महाग नाही), लसीची तारीखच नव्हे तर तास, गाड्यांच्या वेळा. शवविच्छेदनाच्या नोंदीत तळपाय, बर्सा आणि अन्नाची पिशवी. महिनाभराने मराचा आलेख याच्या शेजारी ठेवा. प्रत्येक ई-कोलायच्या मागे चार-सहा दिवसांवर काय उभे आहे ते तुमच्याच कागदावर दिसेल.

तिसरे, एक स्वस्त तपासणी. टायटर बघायला तुम्ही रक्त काढताच. त्याच सुईतला एक थेंब काचपट्टीवर ओढा, रंगवा आणि हेटेरोफिल व लिम्फोसाइट मोजा. या दोघांचे गुणोत्तर ताणाचे माप म्हणून वापरता येते हे ग्रॉस आणि सीगल यांनी १९८३ मध्ये मांडले, ढोबळमानाने ०.२ म्हणजे ताण कमी, ०.५ मध्यम, ०.८ जास्त. वय आणि जातीप्रमाणे आकडे हलतात, म्हणून एका शेडची तुलना त्याच शेडच्या मागच्या बॅचशी करावी. आणि एक सावधगिरी: ताण जीवघेणा झाला की हेटेरोफिलच घसरतात, मग गुणोत्तर चांगले दिसते आणि पक्षी मरत असतात. भर उन्हाच्या लाटेत हे माप वापरू नका.

चौथे, सुपरवायझरला पगारवाढीसोबत थोडा अधिकार. लस पुढे ढकलण्याचा, उन्हाळ्यात पिल्ले कमी उतरवून घेण्याचा, आणि गादी कोरडी होईपर्यंत औषध न लिहिण्याचा.

हे सगळे एकदम होणार नाही, याची कल्पना आहे. म्हणून एक सुचवतो. मार्चच्या प्लेसमेंटआधी तुमच्यापैकी कोणत्याही एका शाखेने आमच्या भागातली काही उघडी शेड निवडावीत. निम्म्यांत नेहमीसारखे चालू द्या, निम्म्यांत वरच्या नोंदी, सव्वा चौरस फूट आणि ठरल्या दिवसांत पूर्ण लिफ्टिंग. उन्हाळ्याच्या बॅच अशाच काढू. औषधाचा खर्च, मर आणि किलोमागचा फायदा तुमचाच हिशेबनीस मोजेल. काचपट्ट्या मी वाचून देईन, त्याची फी घेणार नाही. सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे, रंग तेवढा कंपनीने द्यावा.

आपला,
एक पोल्ट्री पशुवैद्यक
नाशिक जिल्हा